लँकेशायरचं आरोग्य : आयुर्मानाचा आकडा नक्की कुणाचा?

रिबलकाठ

वायव्य इंग्लंडच्या लँकेशायर काउंटीत, समुद्रकाठी असलेल्या ब्लॅकपूलमधल्या पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान २०१८-२० च्या आकडेवारीनुसार ७४.१ वर्षं होतं. इंग्लंडची सरासरी ७९.४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात हाच आकडा ८४ च्या पुढे जात होता. देश एक, सरकारी आरोग्यसेवा एक, दोन ठिकाणांत आगगाडीचा तीनेक तासांचा प्रवास, आणि आयुष्यात दहा वर्षांची तफावत.

मी लँकेशायरमधल्याच प्रेस्टनमध्ये राहतो. इस्पितळात फुफ्फुसांच्या क्षमतेच्या चाचण्या करतो, त्यामुळे या काउंटीतल्या छात्या रोज ऐकतो. मराठीत लँकेशायर म्हटलं की विलायती कापड, होळ्या, स्वदेशी एवढंच समोर येतं. ते कापड विणणारी माणसं कशी राहिली, कशाने आजारी पडली, त्यांची नातवंडं आज कशी आहेत, यावर आपल्याकडे फारसं लिहिलेलं दिसत नाही. म्हणून चर्चेचा हा धागा.

आधी नकाशा, नाहीतर पुढे घोळ होतो. १९७४ पर्यंत मँचेस्टर, लिव्हरपूल, बोल्टन, रॉचडेल, ओल्डहॅम हे सगळं लँकेशायरच होतं. आता काउंटी कौन्सिलखाली १२ जिल्हे उरले आहेत. २०२१ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या सुमारे १२ लाख ३५ हजार भरली. ब्लॅकपूल (१ लाख ४१ हजार) आणि ब्लॅकबर्न-विथ-डार्वेन (१ लाख ५५ हजाराच्या आसपास) यांचा कारभार १९९८ पासून वेगळा चालतो, पण तिथल्या माणसाला विचारलंत तर तो लँकेशायरचाच आहे.

समाजसुधारक एडविन चॅडविक यांचा कष्टकऱ्यांच्या राहणीमानावरचा अहवाल १८४२ चा. त्यातला एक तक्ता प्रसिद्ध आहे. रटलंड या शेतीच्या काउंटीत मजुरांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ३८, मँचेस्टरमध्ये १७, लिव्हरपूलमध्ये १५. मँचेस्टरमधले डॉक्टर-वकील वगैरे वरच्या वर्गातले लोकही सरासरी ३८ व्या वर्षी जात होते, म्हणजे रटलंडच्या शेतमजुराइतकेच. पैसा असूनही शहराने त्यांना सोडलं नव्हतं.

लिव्हरपूलमध्ये तेव्हा हजारो कुटुंबं घरांखालच्या तळघरांत राहत. ना खिडकी, ना मोरी, पाऊस पडला की खाली ओल. डॉ. विल्यम हेन्री डंकन यांनी हे चित्र आकड्यांनिशी मांडलं आणि १८४७ मध्ये त्यांचीच शहराचे आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. देशातलं हे असं पहिलं पद. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या दुष्काळातून पळालेली माणसं बोटी भरभरून लिव्हरपूलला उतरली आणि टायफसची (उवांमुळे पसरणाऱ्या तापाची) साथ आली. डंकन यांना पहिल्याच वर्षी जे पाहावं लागलं त्याची कल्पना करवत नाही.

गिरण्यांबद्दल लिहायचं तर वेगळा धागा लागेल, पण थोडक्यात सांगतो. कापूस पिंजायच्या, म्हणजे कार्डिंग खात्यात कापसाच्या धुळीने छाती जायची. विणकाम खात्यात हजारो मागांच्या खडखडाटात कान जायचे. बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलत, त्याला तिकडे ‘मी-मॉ’ म्हणत. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढून घ्यायची पद्धत होती. तोच धोटा दिवसभर कितीतरी तोंडांना लागायचा. १९५० च्या दशकापर्यंत हे चाललं. सूत कातायच्या म्यूल यंत्रावर वाकून काम करणाऱ्या सूतकऱ्यांना तेलामुळे वृषणकोशाचा कॅन्सर होतो हे १९२० च्या दशकातच समोर आलं, आणि त्यावरचे नियम आले १९५३ मध्ये. बारा वर्षांची पोरं अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी करत. ते १९१८ च्या शिक्षण कायद्याने बंद झालं.

इतकं सगळं लिहून माझं म्हणणं एवढंच. एखाद्या जागेचं आयुर्मान कमी दिसलं की लोक पटकन तिथल्या माणसांच्या सवयींकडे बोट दाखवतात. मला या काउंटीत वेगळं दिसतं. काम काय होतं, घर कसं होतं, आणि कोण इथून निघून गेलं, कोण इथे येऊन पडलं, यावर तो आकडा ठरतो. तुमची मतं वाचायला आवडतील.

---

गिरणगावकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंगला होते, नंतर त्रासन, म्हणजे सूतकताईच्या खात्यात गेले. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाळी करून आले की म्हणायचे, आज छाती आवळल्यासारखी झालीय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं. आई म्हणायची, सुट्टीच्या दिवशी विड्या जास्त ओढता म्हणून होतं. शेवटची वर्षं त्यांना जिना चढवत नव्हता. तुम्ही चाचण्या करता म्हणून विचारतो, हे काय असतं?

---

रिबलकाठ

गिरणगावकर दादा, तुम्ही जे वर्णन केलंत ते इथल्या पुस्तकांत जसंच्या तसं आहे. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीत झाडाच्या पाना-बोंडांचा चुरा असतो, आणि त्यावरच्या जिवाणूंची एंडोटॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्यांनी श्वासनलिका आवळतात. रोज धूळ आत जात असली की शरीर थोडंफार सवयीचं होतं. एक-दोन दिवसांची सुट्टी मिळाली की ती सवय मोडते आणि कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी त्रास उफाळतो. लँकेशायरमध्ये त्याला सोमवारचा ताप, सोमवारची छाती असंच म्हणत. सुरुवातीला काम सोडलं तर बरं होतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर दम कायमचा लागतो.

विडीने हा आजार वाढतो हे खरं आहे, पण पहिल्या दिवशीच आवळणं आणि मग सैल होणं ही खूण विडीची नाही. तुमच्या वडिलांना जे जाणवत होतं ते बरोबर होतं.

१९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत जाऊन कामगारांची पद्धतशीर तपासणी केली आणि आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. जगभर त्यांची वर्गवारी वापरली गेली. अडचण अशी की छातीच्या एक्स-रेमध्ये या आजाराची वेगळी खूण दिसत नाही. खाणकामगाराच्या फुफ्फुसात कोळशाचे डाग दाखवता येतात. गिरणी कामगाराकडे दाखवायला काहीच नसतं. नुकसानभरपाई मागायला गेलं की ‘हा तर साधा ब्राँकायटिस’ असं सांगून परत पाठवणं सोपं जायचं.

मुंबईतही यावर काम झालं आहे. केईएममधल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. बिसिनोसिस आणि नेहमीचा दमा-ब्राँकायटिस वेगळे कसे ओळखायचे यावरचा त्यांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

---

आकडेमोड

लेख आवडला, पण चॅडविकच्या तक्त्याबद्दल एक हरकत नोंदवतो. मृत्यूसमयीचं सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. मँचेस्टर-लिव्हरपूलमध्ये तेव्हा तरुण माणसं लोंढ्याने येत होती, त्यांना मुलं होत होती. ज्या वस्तीत लहान मुलं जास्त, तिथे मरणाऱ्यांत लहान मुलंही जास्त, त्यामुळे सरासरी आपोआप खाली येते. १८४४ मध्येच नीसन नावाच्या विमागणितज्ञाने चॅडविक यांना हे सुनावलं होतं. शहरं भयंकर होती यात वाद नाही, पण १७ विरुद्ध ३८ हा फरक दिसतो तेवढा खरा नाही.

ब्लॅकपूलचा ७४.१ हा आकडाही जपून वाचावा लागतो. हा आकडा म्हणजे आज त्या गावात कुठल्या वयाची किती माणसं मरतात याचा हिशोब. तिथे जन्मलेलं मूल तिथेच राहील आणि आजचेच मृत्युदर भोगेल असं धरून तो काढतात. प्रत्यक्षात माणसं गाव बदलतात.

---

रिबलकाठ

आकडेमोड, तुमची हरकत मान्य, आणि ब्लॅकपूलमध्ये नेमकं तेच घडतं. जरा सविस्तर लिहितो.

१८४६ मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे आली. गिरणीगावांत वर्षातून एकदा आठवडाभर सगळ्या गिरण्या एकदम बंद होत, त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. या आठवड्यात बर्नली, पुढच्या आठवड्यात ओल्डहॅम, त्यानंतर ब्लॅकबर्न, असं आळीपाळीने अख्खं गाव समुद्रावर जायचं. त्यांच्यासाठी बोर्डिंग हाऊस उभी राहिली : तीन-चार मजली, अरुंद, लहान लहान खोल्यांची. १८९४ मध्ये टॉवर उभा राहिला. कष्टकऱ्यांनी स्वतःच्या कमाईवर सुट्टी घ्यावी असं हे इंग्लंडमधलं पहिल्या काही गावांपैकी एक, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि स्पेनला स्वस्त विमानं सुरू झाली. बोर्डिंग हाऊसचं काय करायचं? मालकांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. एक खोली, कोपऱ्यात शेगडी, संडास-बाथरूम सामायिक. भाडं कमी, आणि ते सरकारी घरभाडे-भत्त्यातून येतं. देशभरातून ज्याचं लग्न मोडलं, नोकरी गेली, ज्याला मानसिक आजार आहे, जो दारूत बुडाला आहे, अशी माणसं इथे येऊ लागली. लहानपणी आईबापांबरोबर सुट्टीला आलेल्या गावाची चांगली आठवण असते, खोली लगेच मिळते, अनामत फारशी लागत नाही. दुसरीकडून गावातली शिकलेली, धडधाकट पोरं मँचेस्टर-लंडनला जातात. २०११ ते २०२१ मध्ये इंग्लंडची लोकसंख्या साडेसहा टक्क्यांनी वाढली, ब्लॅकपूलची हजारभराने घटली.

२०१९ च्या सरकारी वंचितता निर्देशांकात देशातल्या सगळ्यात वंचित दहा वस्त्यांपैकी आठ एकट्या ब्लॅकपूलमध्ये निघाल्या. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल समुद्रकाठच्या गावांच्या आरोग्यावरच लिहिला, त्यात ब्लॅकपूलवर बरंच आहे.

म्हणजे आजारी माणूस दुसऱ्या गावात घडतो आणि त्याचा मृत्यू ब्लॅकपूलच्या खात्यावर पडतो. शीर्षकातला प्रश्न मी यासाठीच विचारला.

---

सरळमार्गी

सगळं ठीक आहे, पण जरा स्पष्ट बोलतो. मीही यूकेमध्ये राहतो. औषधोपचार फुकट, शाळा फुकट, भत्ते चालू. तरीही सिगरेट, दारू, तळलेले मासे आणि चिप्स सोडायचे नाहीत. त्याला घर काय करणार? आपली माणसं पाच-सहा जण एका खोलीत राहून पुढे आली.

---

मीनल

सरळमार्गी, मी ब्लॅकबर्नजवळ जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणून काम करते, म्हणून उत्तर देते.

सिगरेटचं म्हणाल तर खरं आहे. ब्लॅकपूलमध्ये बाळंतपणाच्या वेळी धूम्रपान करणाऱ्या बायकांचं प्रमाण कित्येक वर्षं देशात सर्वांत जास्त होतं, २०२० च्या आसपास पाचात एक. पण हीच बाई माझ्यासमोर बसते तेव्हा तिच्या आयुष्यात काय चाललंय ते मला ऐकू येतं. उन्हाळ्यात हॉटेलात काम, हिवाळ्यात काही नाही, वर्षात तिसरं घर. तिला ‘सोडा’ म्हणून सांगणं माझं कामच आहे आणि मी सांगतेच. पण ज्या बाईला पुढच्या महिन्याचा पत्ता माहीत नाही तिला सोडणं जड जातं, आणि जिचं घर-नोकरी जागेवर आहे तिला तुलनेने सोपं जातं, हे मी रोज बघते.

आणि आपली माणसं पुढे आली म्हणालात, ती सगळी आली का? जी आली नाहीत त्यांच्याबद्दल वर गिरणगावकरांनी लिहिलंच आहे.

पूर्व लँकेशायरचा प्रश्न ब्लॅकपूलपेक्षा वेगळा आहे. बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्न, अ‍ॅक्रिंग्टन इथे पहिल्या महायुद्धाआधीच्या दगडी चाळवजा घरांच्या रांगाच रांगा आहेत, खाली दोन खोल्या, वर दोन. १९६० च्या दशकात गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात तेव्हा पाकिस्तानातून, आणि भरुच-सुरतेकडून माणसं आली. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. आज ब्लॅकबर्न-विथ-डार्वेनमध्ये तीनात एकाहून जास्त माणूस दक्षिण आशियाई वंशाचा आहे. घरं जुनी, भिंती एकपदरी, गॅस महाग. हिवाळ्यात एकच खोली गरम करायची, तिथेच कपडे वाळत घालायचे, मग भिंतीवर काळी बुरशी येते. पोरांचा खोकला जात नाही.

रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे श्वसनविकाराने गेला. वडील तक्रारी करत होते. त्याच्या नावाने कायद्यात तरतूद झाली, ‘अवाब्ज लॉ’. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या (कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांच्या) मालक संस्थांना तातडीच्या धोक्यावर २४ तासांत हालचाल करावी लागते आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी कामकाजाच्या १० दिवसांत करावी लागते. माझे बहुतेक रुग्ण मात्र खाजगी भाड्याने किंवा स्वतःच्या जुन्या घरात राहतात. त्यांना अजून त्याचा उपयोग नाही.

इथे वाचणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक सांगून ठेवते. आपल्या शरीरयष्टीला मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो, म्हणून इथल्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या मापाची) धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ धरली आहे. जीपीकडे गेलात तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा अंदाज देणारी चाचणी) तपासून मागा.

---

जुनी_पानं

छान चाललाय धागा. मुंबई-लँकेशायर संबंधातला एक तुकडा जोडते.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि तिथला कापूस येणं थांबलं. लँकेशायरमध्ये लाखो लोक बेकार झाले. मुंबईत त्याच कापसाने पैशांचा पाऊस पडला. शेअरबाजार वेडा झाला आणि १८६५ मध्ये कोसळला. प्रेमचंद रायचंद यांनी ज्या कमाईतून राजाबाई टॉवरला देणगी दिली ती याच काळातली. आपण फोर्टात उभं राहून तो टॉवर बघतो तेव्हा प्रेस्टनमध्ये तेव्हा उपाशी असलेलं कुटुंब डोळ्यांपुढे येत नाही.

आपल्याकडून गेलेल्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा जास्त. दोरा सारखा तुटायचा आणि मजुरी विणलेल्या मालाच्या मापावर असल्याने विणकरांची कमाई घटायची. ‘देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको’ अशी प्रार्थना केल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात.

आरोग्याशी जोडलेली गोष्ट अशी. डॉ. एडवर्ड स्मिथ यांनी १८६२ मध्ये या बेकार कुटुंबांत जाऊन ती काय खातात याची मोजदाद केली. सरकारने केलेल्या आहाराच्या अगदी सुरुवातीच्या पाहण्यांपैकी ही एक. प्रेस्टनला टायफस आला. तरीही तान्ह्या मुलांचे मृत्यू काही ठिकाणी कमी झाल्याचं तेव्हाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिसलं. कारण आया गिरणीत जात नव्हत्या, घरी राहून अंगावर पाजत होत्या. उपासमारीच्या वर्षांत मुलं जास्त जगावीत, यातून गिरणीच्या वेळापत्रकाने एरवी काय केलं असेल ते कळतं. बाळंतिणीला चार आठवडे कामावर घेऊ नये असा कायदा यायला १८९१ उजाडलं.

१८६३ मध्ये एक चांगली गोष्ट झाली. सरकारने नगरपालिकांना कर्ज द्यायचा कायदा केला आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांच्या देखरेखीखाली बेकार कामगारांकडून गटारं, रस्ते, बागा बांधून घेतल्या.

आणि गांधीजी. सप्टेंबर १९३१ मध्ये ते डार्वेनला येऊन गिरणी कामगारांना भेटले. बहिष्कारामुळे या लोकांचं काम गेलं होतं, तरी त्यांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. बायका त्यांच्याभोवती जयजयकार करतायत असा फोटो आहे.

---

गिरणगावकर

रिबलकाठ, तुमच्या उत्तराने आमच्या घरातला पन्नास वर्षांचा वाद मिटला. धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं.

अजून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. १९८२ च्या संपानंतर आमच्याकडे माणसं देशोधडीला लागली. कुणी गावी कोकणात गेलं, कुणी वॉचमन झालं. छातीचा आजार कुणाच्या कागदावर आलाच नाही. तिकडे गिरण्या बंद झाल्यावर लोकांना काही आधार मिळाला का? आणि आमच्या चाळीत अजून दोघे-तिघे जुने कार्डिंगवाले आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आता काय करावं?

---

रिबलकाठ

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर : मिळाला, पण एका बाजूने. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवेचं उद्‌घाटन झालं ते डेव्हीहल्मच्या पार्क हॉस्पिटलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या लँकेशायरमध्येच. गिरणी बंद पडली तरी कामगाराचा डॉक्टर बंद पडला नाही. मुंबईच्या कामगाराचं राज्य विमा योजनेचं कार्ड नोकरीबरोबर गेलं. माझ्या मते दोन्हींकडच्या म्हाताऱ्यांच्या नशिबातला सगळ्यात मोठा फरक तो. आणि या गिरणीगावांत इंग्रज डॉक्टर यायला तयार नसत तेव्हा दवाखाने चालवले ते मोठ्या प्रमाणावर भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी, त्यात मुंबईत शिकलेलेही आहेत. मीनलताई त्यांच्याच जागेवर आहेत.

दुसरी बाजू, म्हणजे कामाची, तिथे आधार तोकडा होता. १९६०-७० च्या दशकांत आठवड्याला जवळपास एक गिरणी बंद होत होती आणि त्या जागी तितक्या पगाराचं काम आलं नाही. प्रेस्टनने २०११ नंतर एक प्रयत्न केला. मोठा खाजगी मॉल-प्रकल्प बारगळल्यावर नगरपालिका, विद्यापीठ, पोलीस वगैरे संस्थांनी आपली खरेदी शक्यतो जवळच्या उद्योगांकडून करायची आणि जगता येईल इतकं वेतन द्यायचं ठरवलं. त्या काळात इथलं नैराश्याचं प्रमाण तशाच इतर गावांच्या तुलनेत कमी झाल्याचं लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२३ च्या अभ्यासात आलं आहे. एका अभ्यासावरून फार मोठं बोलू नये, पण औषधाच्या चिठ्ठीशिवाय आरोग्यावर परिणाम होतो याला काहीतरी पुरावा आहे.

आता तुमच्या चाळीतल्या मंडळींसाठी. त्यांना घेऊन केईएम, नायर किंवा शीवच्या छातीविकार विभागात जा आणि स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोराने फुंकायची साधी चाचणी आहे. डॉक्टरांना फक्त ‘दम लागतो’ असं सांगू नका. कुठल्या खात्यात, किती वर्षं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची का, हे आधी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. गिरणीचा जुना पास, पगाराची पावती, विम्याचं कार्ड, जे असेल ते सोबत ठेवा. आपल्या भरपाईच्या कायद्याच्या यादीत बिसिनोसिस आहे. इतक्या वर्षांनी पैसे मिळतील असं मी सांगणार नाही, पण इनहेलर, न्यूमोनियाची लस आणि श्वसनाचे व्यायाम यांनी जिना चढण्यात फरक पडतो. तो मी इथे सत्तरीच्या माणसांत पाहतो.

---

मीनल

एक भर. विडी चालू असेल तर ती आजच बंद करायला सांगा, सत्तरीतही फायदा होतो. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस. दादा, रिपोर्ट आले की नावं झाकून इथे टाका किंवा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगते.

---

गिरणगावकर

ताई, सोमवारी दोघांना घेऊन केईएमला जातोय. तिसरे गावी आहेत, गणपतीला येतील तेव्हा त्यांनाही नेतो.